फुकट ते पौष्टिक

गेल्या महिन्यात मावशीचा फोन आला. "अरे, एक वेबसाइट सापडलीय. जुन्या फॉन्टमधली फाइल तिथे टाकली की युनिकोडमध्ये करून मिळते म्हणे. फुकट. टाकू का?"

फाइल कसली, तर तिच्याच वाड्यात राहणाऱ्या एका आजोबांच्या आठवणींची. मावशी सदाशिव पेठेत घरबसल्या मराठी डीटीपीची कामं करायची. २००३ साली तिने ते दोनशे पानांचं हस्तलिखित टाइप केलं, प्रुफं तपासून झाली आणि पुस्तक छापायला जायच्या आधीच आजोबा गेले. मुलांनी विषय सोडून दिला, टाइपिंगच्या बिलाचासुद्धा. पुस्तक छापलंच नाही तर पैसे कसले, असं त्यांचं म्हणणं. आता नातीला ते छापायचं आहे. हस्तलिखित कधीच रद्दीत गेलं. उरली मावशीच्या सीडीवरची फाइल, आणि ती उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांची खिचडी दिसते.

आजोबांनी त्यात भावाभावांतल्या वाटण्या, एक मोडलेलं लग्न, कोणी कोणाचे पैसे बुडवले, सगळं नावानिशी लिहिलं आहे. ते अनोळखी वेबसाइटवर चढवावं का, असा प्रश्न मावशीला पडला याचं मला कौतुक वाटलं. २००३ साली तिला तो पडला नसता. तेव्हा तिच्या कॉम्प्युटरमधली विंडोज चोरीची होती, पेजमेकर चोरीचा होता, मावसभावाच्या गेम्स चोरीच्या होत्या. एकच गोष्ट दुकानात रोख पैसे मोजून, पावती घेऊन आणलेली होती. अँटिव्हायरस.

ही तिची एकटीची तऱ्हा नव्हती. त्या काळात पुण्यात ज्या घरांत कॉम्प्युटर होता, त्यांतल्या मला माहीत असलेल्या बहुतेक घरांत हीच मांडणी होती. कपाटातला माल चोरीचा आणि कपाटाचं कुलूप मात्र विकतचं. हे असं कसं झालं ते सांगतो. त्यातला बराचसा भाग पुण्यातच घडलेला आहे.

तुमच्यातल्या अनेकांचा पहिला कॉम्प्युटर म्हणजे फोनच असेल, म्हणून थोडं मागे जाऊ. नव्वदच्या दशकात आणि पुढेही बरीच वर्षं मध्यमवर्गीय घरात यायचा तो 'असेंबल्ड' कॉम्प्युटर. कंपनीचा नाही. सुटे भाग गोळा करून जोडलेला, म्हणून स्वस्त. बुधवार पेठेत तपकीर गल्ली आणि आसपासच्या बोळांत इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार आहे, तिथे एखादी वायर किंवा पंखा आणायला लोक आजही जातात. पण कॉम्प्युटर घ्यायचा तर ओळखीचा एक 'कॉम्प्युटरवाला' लागायचा. तो घरी यायचा, चहा प्यायचा आणि लेटरहेडवर कोटेशन द्यायचा. मदरबोर्ड इतके, रॅम इतकी, माऊस इतका, अगदी मॉनिटरवर घालायच्या प्लॅस्टिकच्या कव्हरचेही पैसे वेगळे लिहिलेले. त्या यादीत सॉफ्टवेअरची ओळच नसायची. "विंडोज, ऑफिस वगैरे सगळं टाकून देतो," हे तो जाता जाता सांगायचा.

लोकांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. माझे एक काका जन्मभर सरकारी नोकरीत होते. ऑफिसचं पेन चुकून खिशात आलं तर दुसऱ्या दिवशी परत नेणारे. त्यांच्या कॉम्प्युटरवर एकही प्रोग्रॅम विकतचा नव्हता. विचारलं की म्हणायचे, "चोरी कशी? ज्याची वस्तू त्याच्याकडे आहेच की! मी फक्त प्रत घेतली." वर पुन्हा, "लायब्ररीतलं एक पुस्तक शंभर जण वाचतात, ते सगळे चोर का?" हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. पण त्यामागची खरी भावना वेगळी होती. जे हातात धरता येत नाही त्याचे पैसे द्यायचे, ही कल्पनाच पटत नव्हती. माऊस दिसतो. विंडोज म्हणजे हवा. त्यातून त्या हवेची किंमत अमेरिकन पगाराच्या मापाने ठरलेली.

कायद्याने मात्र हवेची दखल केव्हाच घेतली होती. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली आणि कॉम्प्युटर प्रोग्रॅम 'साहित्यकृती'त मोडू लागला. म्हणजे कायद्याच्या लेखी कादंबरी आणि एक्सेल एकाच पंगतीला. १९९४च्या दुरुस्तीने त्यात कलम ६३-बी घातलं. चोरीची प्रत आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर वापरली, तर किमान सात दिवस आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, शिवाय ५० हजार ते २ लाख रुपये दंड. वापर धंद्यासाठी नसेल तर कैद न देण्याची मुभा कोर्टाला आहे. प्रत्यक्षात कारवाई व्हायची ती ऑफिसांवर आणि विक्रेत्यांवर. काकांच्या हॉलपर्यंत ६३-बी कधी पोचलं नाही.

कंपन्यांनाही ते पोचावंसं वाटत होतं का, अशी शंका येते. बिल गेट्सने १९७६ साली कॉम्प्युटरच्या हौशी लोकांना जाहीर पत्र लिहून तुम्ही आमचा प्रोग्रॅम चोरता म्हणून खडसावलं होतं. तोच गेट्स १९९८ साली चीनबद्दल बोलताना म्हणाला होता, की चोरायचंच असेल तर त्यांनी आमचंच चोरावं. एकदा सवय लागली की पैसे कसे वसूल करायचे ते पुढे बघू, असा त्याचा हिशोब. आपल्याकडेही सवय लागलीच. बिझनेस सॉफ्टवेअर अलायन्स या कंपन्यांच्या संघटनेच्या अहवालांनुसार २०११ साली भारतातल्या कॉम्प्युटरांवरचं ६३ टक्के सॉफ्टवेअर विनापरवाना होतं आणि २०१७ साली ५६ टक्के. आकडे फिर्यादीचेच आहेत, त्यामुळे थोडं मीठ लावून घ्या. पण पुण्यातलं चित्र डोळ्यांनी पाहिलेल्या कुणाला ते फार फुगवलेले वाटणार नाहीत.

आता व्हायरसकडे येऊ. पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस 'ब्रेन'. तो १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिला, बासित आणि अमजद अल्वी. त्यांचं म्हणणं असं, की आमच्या वैद्यकीय प्रोग्रॅमच्या चोरून प्रती निघत होत्या, त्या कुठे जातात हे कळावं म्हणून आम्ही हे केलं. फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना जो भाग सर्वांत आधी वाचला जातो तिथे, तो जाऊन बसायचा. आणि त्यात त्यांनी स्वतःची नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर लिहून ठेवले होते! चोराच्या घरी आपलं व्हिजिटिंग कार्ड ठेवून यावं तसं. पुढे जगभरातून त्या नंबरवर फोन गेले म्हणतात.

गंमत बाजूला ठेवली, तरी त्यातली मेख लक्षात घ्या. त्या काळात घरोघरी इंटरनेट नव्हतं. व्हीएसएनएलने सामान्य लोकांसाठी ते सुरू केलं १५ ऑगस्ट १९९५ला, आणि घराघरांत पोचायला आणखी काही वर्षं गेली. मग व्हायरस फिरायचा कसा? फ्लॉपीवरून, पुढे सीडीवरून आणि नंतर पेनड्राइव्हवरून. म्हणजे ज्या वाटेने फुकटची गेम मित्राच्या घरून आपल्या घरी यायची, त्याच वाटेने तोही यायचा.

याच काळात मंगळवार पेठेत कैलास काटकर यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. हे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्त करायला शिकले, मग ऑफिसातली इतर यंत्रं, मग कॉम्प्युटर. १९९३ साली त्यांनी 'कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस' सुरू केली. धाकटा भाऊ संजय मॉडर्न कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स शिकत होता. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये हार्डवेअर बिघडलेलं नसायचं, व्हायरस असायचा. संजयने तो काढायचे छोटे प्रोग्रॅम लिहिले आणि त्यातूनच १९९५ साली डॉसवर चालणारा 'क्विक हील' तयार झाला. किंमत सुमारे ७०० रुपये.

ज्या शहरात विंडोजला कोणी दमडी देत नव्हतं तिथे ७०० रुपयांचा प्रोग्रॅम विकायचा, हे धाडस होतं. तो खपला याची दोन कारणं मला दिसतात. पहिलं भीती. २६ एप्रिल १९९९, सोमवार. त्या दिवशी सीआयएच नावाचा तैवानी व्हायरस जागा झाला. चेर्नोबिलच्या अपघाताची ती तारीख, म्हणून त्याचं दुसरं नावही तेच पडलं. त्याने हार्डडिस्कचा सुरुवातीचा भाग पुसला आणि काही मशीनांच्या मदरबोर्डवरची बायॉसची चिपच कामातून घालवली. आशियात त्याचा तडाखा जास्त बसला, कारण तो मुख्यतः चोरीच्या सॉफ्टवेअरवरूनच पसरला होता. तोवर व्हायरस म्हणजे पडद्यावर काहीतरी चमत्कारिक दिसणं इतपत समज होता. त्या सोमवारनंतर तो समज गेला.

दुसरं कारण जास्त मजेदार आहे. अँटिव्हायरस नीट चोरताच येत नाही. विंडोजची सीडी एकदा मिळाली की झालं. पण कालचा अँटिव्हायरस आज आलेल्या व्हायरसला ओळखत नाही, त्याला रोज नवी यादी लागते आणि ती यादी कंपनीकडून येते. चोरलेली की सापडली की कंपनी ती यादीच बंद करायची. म्हणजे तुम्ही प्रोग्रॅम विकत घेत नव्हता, वर्षभराची राखण विकत घेत होता. दरवर्षी पैसे भरून नूतनीकरण. आज ओटीटीचं सबस्क्रिप्शन हा आपला पहिला अनुभव आहे असं तुम्हाला वाटत असेल, तर तुमच्या आईवडिलांना विचारा. हवेचे पैसे द्यायला त्यांना अँटिव्हायरसने शिकवलं. आणि विकणारा कोण? तोच कॉम्प्युटरवाला, जो विंडोज फुकट टाकून देत होता. डब्यामागे त्याला कमिशन होतं. एका हाताने तो आजार देत होता आणि दुसऱ्या हाताने औषध, हे त्यालाही दिसत असणार. पण त्याला दोष देववत नाही. चोरीची विंडोज टाकून दिली नसती तर गिऱ्हाईक शेजारच्या बोळात गेलं असतं.

काटकरांची कंपनी वाढत गेली, २००७ साली तिचं नाव क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं आणि फेब्रुवारी २०१६मध्ये ती शेअर बाजारात आली.

एक्सपीच्या काळात या आजार-औषधाची गाठ आणखी घट्ट झाली. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीला ॲक्टिव्हेशन होतं, म्हणजे की खरी आहे का ते मायक्रोसॉफ्ट तपासणार. पण मोठ्या कंपन्यांना दिलेली एक की बाहेर फुटली. 'एफसीकेजीडब्ल्यू'पासून सुरू होणारी ती पंचवीस अक्षरं अनेक पोरांना पाढ्यांसारखी पाठ होती. मग मायक्रोसॉफ्टने अपडेटच्या वाटेने तपासणी सुरू केली. चोरीची प्रत दिसली की वॉलपेपर काळा आणि कोपऱ्यात 'ही प्रत अस्सल नाही' असा संदेश. पाहुण्यांसमोर लाज जायला लागली. त्यावर कॉम्प्युटरवाल्याचा उपाय सोपा होता. "अपडेट बंदच करून टाकू."

इथेच घात झाला. अपडेट बंद म्हणजे भोकं बुजवणं बंद. २००८-०९च्या कॉन्फिकरसाठीचा इलाज तो पसरण्याआधीच येऊन गेला होता, २०१७च्या वॉनाक्रायचाही दोन महिने आधी आला होता, पण अपडेट बंद असलेल्या मशीनपर्यंत तो पोचणार कसा? त्यात पेनड्राइव्ह लावला की आपोआप चालू होणारा ऑटोरन. सायबर कॅफेत, कॉलेजच्या लॅबमध्ये, फोटो प्रिंट करायच्या दुकानात पेनड्राइव्ह लावून आलात की त्यात फोल्डरचं सोंग घेतलेली एक .ईएक्सई फाइल हमखास. मायक्रोसॉफ्टने पेनड्राइव्हचा ऑटोरन अपडेटमधून बंद केला तो फेब्रुवारी २०११मध्ये, आणि तोही अपडेट घेणाऱ्यांसाठीच.

सरळ वाट नव्हतीच असं नाही. २००५ साली मायक्रोसॉफ्टने स्वस्त 'स्टार्टर एडिशन' हिंदीत आणली. तिच्यात एका वेळी तीनच प्रोग्रॅम चालत. चौथी पोळी मागायची नाही अशी अट असलेली खानावळ पुण्यात किती चालणार? दुसरी वाट लिनक्सची. पुण्यात 'प्लग' नावाचा लिनक्सवाल्यांचा गट होता, आजही आहे. ही मंडळी तुमच्या मशीनवर लिनक्स घालून द्यायला उत्साहाने तयार असत. तेही फुकटच, आणि चोरी न करता. पण मावशीचा पेजमेकर त्यावर चालत नव्हता, संपला विषय.

आणि पेजमेकरपेक्षा मोठी अडचण होती मराठीची. युनिकोड रुळण्याआधी मराठी फॉन्ट म्हणजे एक युक्ती होती. आतून इंग्रजी अक्षराचा कोड, वरून देवनागरीचा मुखवटा. प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा. पुण्यातच सी-डॅकचे योगेश, सुरेख वगैरे फॉन्ट होते, पुण्यातच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी. एकाची फाइल दुसऱ्याकडे उघडली की खिचडी. विंडोज २०००पासून युनिकोड मराठी आणि र. कृ. जोशींनी घडवलेला मंगल फॉन्ट कॉम्प्युटरसोबतच येऊ लागला. तरीही छपाईची दुनिया जुन्या फॉन्टांनाच चिकटून राहिली, कारण पेजमेकरला मराठी युनिकोड झेपत नव्हतं.

मराठी सॉफ्टवेअरचा बाजार लहान, चोरीचा घाव लगेच लागणारा. म्हणून श्रीलिपीसारख्या पॅकेजांबरोबर हार्डवेअर लॉक, म्हणजे डोंगल यायचं. प्रिंटरच्या पोर्टात ते बोटभर ठोकळं खोचल्याशिवाय टायपिंग चालायचं नाही. मावशीनेही त्या काळातलं एक मराठी पॅकेज घेतलं होतं. अगदी विकत, दोन हप्त्यांत. कुठलं ते महत्त्वाचं नाही. त्याचं डोंगल ती रात्री काढून हळदीकुंकवाच्या करंड्यात ठेवायची. "हे हरवलं तर धंदा बसला." तिच्या लेखी सॉफ्टवेअर म्हणजे हवा नव्हती, कारण हे एक हातात धरता येत होतं. तरीही त्यातल्या फॉन्टच्या फाइल मागणाऱ्यांना ती फ्लॉपीवर देत असे. शेजारणीला विरजण द्यावं तसं. ज्यांनी वर्षानुवर्षं बसून ती अक्षरं घडवली ते लोक याच शहरात राहत होते. दूरच्या गेट्सबद्दलचा काकांचा युक्तिवाद इथे लागू पडत नाही, हे तिला तेव्हा सुचलं नाही. मलाही नाही. फ्लॉप्या पोचवायला सायकलवरून मीच जात होतो.

मग ११ ऑगस्ट २०१८चा शनिवार उजाडला. १९०६ साली स्थापन झालेली कॉसमॉस बँक ही पुण्याच्या पेन्शनरांची बँक, गणेशखिंड रस्त्यावर मुख्यालय. एटीएमच्या व्यवहारांना 'हो' किंवा 'नाही' म्हणणारी बँकेची जी यंत्रणा असते, तिच्या जागी हॅकर्सनी स्वतःची खोटी यंत्रणा उभी केली होती. ती सगळ्यांना 'हो' म्हणत होती. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून नकली कार्डांनी पैसे निघाले. सोमवारी आणखी सुमारे १४ कोटी रुपये स्विफ्टमार्गे हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. एप्रिल २०२३मध्ये पुण्याच्या कोर्टाने ११ जणांना शिक्षा ठोठावली, पण ते कोल्हापूर वगैरे ठिकाणी कार्डं घालून नोटा काढणारे हात होते. डोकं कोणाचं, यावर अमेरिकी यंत्रणांनी उत्तर कोरियाच्या गटाकडे बोट दाखवलं. लाहोरच्या भावांनी निदान फोन नंबर दिला होता.

बँकेने ग्राहकांचे पैसे सुरक्षित असल्याचं सांगितलं. पण अँटिव्हायरसची पावती फाइलला लावून निर्धास्त झोपणाऱ्या माझ्या काकांची झोप त्या आठवड्यात उडाली ती उडालीच. "म्हणजे मी काहीच चुकीचं दाबलं नाही, तरी?" असं ते विचारत राहिले.

फोन आला तसा कॉम्प्युटरवाला गेला. तो चोरीचा माल देत होता हे खरं, पण त्याचं घर माहीत होतं. मशीन बसलं की रविवारी सकाळी त्याला उठवता यायचं. "तूच टाकलं होतंस ना? मग तूच काढ." मला वाटतं, पुण्याची खरी सुरक्षा यंत्रणा तो होता, डब्यातली सीडी नव्हे. आज टेलिग्रामवरून घेतलेल्या 'मॉड' एपीके फाइलचा मालक कोण? जाहिराती नसलेलं ॲप, प्रीमियम फुकट, फक्त 'अनोळखी स्रोतांना परवानगी द्या' इतकंच. चलनाच्या नावाखाली व्हॉट्सॲपवर येणारी एपीके तेच मागते, शिवाय एसएमएस वाचायची परवानगी. ती दिली की ओटीपी त्यांच्याकडे. पैसे गेल्याबरोबर १९३०वर फोन केला तर काही रक्कम गोठवता येते, म्हणून तो नंबर लक्षात ठेवा. पण रविवारी सकाळी उठवायला कोणी नाही. काकांनी आता त्या जागी मला नेमलं आहे.

मावशीला मी वेबसाइटवर काही टाकू दिलं नाही. माळ्यावरून तिचा जुना कॉम्प्युटर काढला, धूळ झटकली, करंड्यातून डोंगल आलं. चौथ्या प्रयत्नात मशीन चालू झालं. आतला सेल संपल्यामुळे तारीख १ जानेवारी २००२ झाली होती. कोपऱ्यात अँटिव्हायरसचं चिन्ह उगवलं. पेजमेकरमध्ये फाइल उघडली आणि आजोबांची पहिली ओळ दिसली, स्वच्छ मराठीत.

"पेनड्राइव्ह लावू?" मी विचारलं.

"नको रे बाबा. या मशीनमध्ये काय काय वस्तीला असेल, आणि ते सगळं माझ्या नव्या लॅपटॉपवर येणार." तिने लॅपटॉप शेजारी ओढला, चष्मा चढवला. "समोर दिसतंय ना? बघून टाइप करते. दोनशे पानं, महिनाभराचं काम."

"आणि बिल?"

"नातीला लावणार. पूर्ण. तिच्या बापाकडचं आधीचंसुद्धा यायचंय."